तव्यासारखी गिटार आणि सजवलेली प्रकल्पवही



'माझा आवडता पक्षी', 'माझा आवडता खेळ' असे निबंध आपण दरवर्षी लिहून घेतो. 'माझे आवडते वाद्य' असा विषय दिला तर मुलं काय लिहितील? बहुतेकांच्या वहीत नक्षीदार सतार, चकचकीत पेटी, नाही तर गळ्यात अडकवलेली लालभडक गिटार येईल. वर्णन म्हणजे आधी ती वस्तू दिसते कशी ते लिहायचं, ही सवय आपणच लावलेली आहे. आजचा लेख मात्र अशा वाद्यावर आहे की त्याचं रूप लिहायला घेतलं तर निबंध दोन ओळींत संपेल, आणि त्या दोन ओळीही फारशा कौतुकाच्या नसतील. ते वाद्य म्हणजे स्टील गिटार. आपल्याकडे तिला हवाईयन गिटार म्हणतात.

या गिटारीचे जे प्रकार वादकांना जिवापाड आवडतात, त्यातले बरेचसे दिसायला सुमार आहेत. एक तर थेट तव्यासारखी दिसते. एक काळीकुट्ट, जुन्या टेलिफोनच्या जातीची. एकीवर असं प्लॅस्टिक चिकटवलेलं असतं की वादक स्वतःच तिला संडासाच्या सीटची उपमा देऊन हसतात. पण याच गिटारी माणसांनी पन्नास-पन्नास, ऐंशी-ऐंशी वर्षं जपल्या, दुरुस्त केल्या, वाजवल्या. माझं मत असं आहे की या गिटारींची गोष्ट शाळेत सांगायला हवी. संगीताच्या तासाला तर सांगाच, पण त्याहून जास्त ती आपण शिक्षकांनी स्वतःला सांगायला हवी. का, ते पुढे येईलच. आधी वाद्याची नीट ओळख करून घेऊ.

मांडीवर आडवी गिटार

नेहमीची गिटार आपण छातीशी धरतो. डाव्या हाताची बोटं मानेवरच्या तारा दाबतात. मानेवर धातूच्या आडव्या पट्ट्या असतात, त्यांना पडदे म्हणू. तार पडद्यामागे दाबली की पडदाच तिची लांबी ठरवतो आणि ठरलेला सूर निघतो. बोट थोडं मागेपुढे पडलं तरी पडदा सांभाळून घेतो.

स्टील गिटारीत हा आधार नाही. गिटार मांडीवर उताणी ठेवायची. तारा मानेपासून चांगल्या उंच उचललेल्या असतात. त्या दाबायच्या नाहीतच. डाव्या हातात स्टीलचा एक गुळगुळीत, जड दांडा असतो, तो तारांवर नुसता टेकवून सरकवायचा. उजव्या हाताच्या बोटांत नख्या घालून तार छेडायची. मानेवर पडद्यांच्या जागी रेघा असतात, पण त्या फक्त खुणेला. दांडा रेघेच्या बरोबर वर आला तर सूर लागतो. केसभर इकडेतिकडे झाला की बेसूर.

त्यात आणखी एक गंमत आहे. दांडा आणि रेघ यांच्यात उंचीचं अंतर असतं. मोजपात्रातलं पाणी तिरक्या नजरेने पाहिलं की आकडा चुकतो, तसंच इथे होतं. वादक जरा कलून बसला की डोळा फसतो. म्हणून शेवटी कानावरच भरवसा ठेवावा लागतो. 'स्टील' हे नाव गिटार धातूची असते म्हणून पडलेलं नाही, ते त्या हातातल्या दांड्यावरून पडलं आहे.

या पद्धतीचं श्रेय जातं जोसेफ केकुकू याला. जन्म 1874, हवाई बेटांपैकी ओआहू बेटावरचा. गिटार हवाईत त्याआधीच आली होती; 1830 च्या दशकात मेक्सिकोकडून आलेल्या गुराख्यांनी ती आणली असं मानतात. केकुकूची गोष्ट अशी सांगतात की रुळांवरून चालताना त्याला लोखंडाचा बोल्ट सापडला, तो तारांवर घसरला आणि सूर लांबत गेला. ही दंतकथाही असेल. पण त्याने कंगवा, चाकूची पाठ असं काय काय तारांवर फिरवून पाहिलं आणि मग होनोलुलूतल्या कामेहामेहा शाळेत शिकत असताना, शाळेच्या कर्मशाळेत स्टीलचा दांडा तयार केला, अशी हकिकत आहे. म्हणजे एका जगप्रसिद्ध वादनपद्धतीचं मूळ शाळकरी मुलाच्या खटपटीत आहे. आपण ज्याला 'कार्यानुभव' म्हणून आठवड्यातून एक तास देतो आणि परीक्षा जवळ आली की तोही गणिताला देऊन टाकतो, त्या तासात.

केकुकू 1904 मध्ये हवाई सोडून अमेरिकेत गेला आणि गावोगाव वाजवत, शिकवत फिरला. 1915 साली सॅन फ्रान्सिस्कोला मोठं जागतिक प्रदर्शन भरलं. तिथल्या हवाईच्या दालनातलं संगीत लोकांनी असं डोक्यावर घेतलं की पुढची काही वर्षं अमेरिकेत हवाईयन गाण्यांच्या तबकड्या धडाधड खपत होत्या.

ती अशी का दिसते?

आता रूपाकडे येऊ. 1930 च्या सुमारास वाद्यवृंद मोठे झाले आणि ढोल-कर्ण्यांच्या गलक्यात गिटार ऐकूच येईना. जॉर्ज बोशाँ नावाचा एक स्टील गिटार वाजवणारा माणूस या अडचणीमागे लागला. त्याने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी तारांच्या सभोवती नालाकृती चुंबक बसवले आणि खाली तारेचं वेटोळं. पोलादी तार थरथरली की चुंबकीय क्षेत्र बदलतं, वेटोळ्यात विद्युतधारा निर्माण होते, ती मोठी करून कर्ण्यातून ऐकायची. दहावीला आपण विद्युतचुंबकीय प्रवर्तन शिकवतो, तेच हे. अॅडॉल्फ रिकनबॅकरच्या भागीदारीत 1932 मध्ये ही गिटार बाजारात आली. व्यापारी उत्पादनात उतरलेली ही पहिली यशस्वी इलेक्ट्रिक गिटार मानली जाते.

दिसायला कशी? एक लहान गोल चकती आणि तिला लांब दांडा. अॅल्युमिनियमचं ओतीव काम. लोकांनी लगेच नाव ठेवलं, 'फ्राइंग पॅन'. आपल्या स्वयंपाकघरातला दांड्याचा तवा डोळ्यांसमोर आणा, तार लावा, झाली गिटार.

हे रूप कुणी कंजूषपणाने किंवा आळसाने दिलेलं नव्हतं. साध्या गिटारीचं पोट पोकळ आणि मोठं असतं, कारण आवाज त्या पोटात घुमून मोठा होतो. आपल्याकडे 'बडा घर पोकळ वासा' हा टोमणा आहे, पण साध्या गिटारीत पोकळपणा हाच गुण. इथे आवाज मोठा करायचं काम विजेकडे गेलं. मग पोट कशाला? मान हाताने धरायची नाही, मग ती गोल, निमुळती, तळहातात बसेल अशी कशाला? म्हणून बऱ्याच स्टील गिटारींची मान चौकोनी, फळीसारखी असते. अंगाला बिलगायची नाही, म्हणून कमरेचा बाक नाही. जे लागत नव्हतं ते काढून टाकलं आणि जे उरलं ते तव्यासारखं दिसलं.

अॅल्युमिनियममध्ये एक खोट होती. रंगमंचावरच्या दिव्यांनी ते तापायचं, प्रसरण पावायचं आणि लावलेले सूर उतरायचे. मग 1935 च्या सुमाराला रिकनबॅकरने बेकेलाइटची गिटार काढली. बेकेलाइट म्हणजे जुने काळे टेलिफोन आणि विजेची बटणं ज्याची असायची ते. ही गिटार काळी, ठेंगणी, आकाराच्या मानाने भलतीच जड, वर धातूच्या चकचकीत नाही तर पांढऱ्या पट्ट्या. दुकानाच्या काचेत ठेवली तर कुणी दोनदा वळून बघणार नाही. पण जुन्या वादकांना विचारा, तिचा भरदार, गोड आवाज त्यांना दुसऱ्या कशात सापडत नाही. जेरी बर्डसारखा नावाजलेला वादक हिच्यावरच वाजवायचा.

मग स्वस्त गिटारींची लाट आली. घरोघरी मुलं शिकू लागली, क्लेव्हलंडच्या ओआहू नावाच्या कंपनीने शिकवणीचे धडे आणि गिटारी यांचा मोठाच व्यवसाय उभा केला. या गिटारी म्हणजे लाकडाची जाडशी फळी आणि तिच्यावर मोत्याच्या शिंपल्याची नक्कल करणारं प्लॅस्टिक. हेच प्लॅस्टिक तेव्हा संडासाच्या सीटवरही लावत. त्यामुळे शिंपल्याच्या इंग्रजी नावात 'टॉयलेट सीट' घालून वादकांनी या मढवणीचं कायमचं बारसं केलं. पुढे इलेक्ट्रिक गिटारींमुळे जगभर नाव झालेल्या लिओ फेंडरनेही सुरुवात मांडीवरच्या गिटारीनेच केली. 1945 च्या आसपास डॉक कॉफमनबरोबर त्याने काढलेल्या गिटारींवर करडा, सुरकुतलेला रंग असायचा, एखाद्या कारखान्यातल्या यंत्रावर असावा तसा.

यातली गंमत बघा. राय कूडर हा अमेरिकेतला नामवंत गिटारवादक. त्याच्या एका प्रसिद्ध गिटारीत मूळचं चुंबक-वेटोळं काढून एका जुन्या, स्वस्त मांडी-गिटारीतलं बसवलेलं आहे. मग त्याचं बघून बाकीचेही तशा गिटारी शोधू लागले. ज्या फळीला कुणी विचारत नव्हतं तिच्या पोटातलं काळीज भारी गिटारीत गेलं.

वादक कसे?

वादकांचं असं की तेही फारसे नजरेत भरत नाहीत. उभं राहून गिटार मिरवणारा गायक पुढे असतो. स्टील गिटारवाला बाजूला खुर्चीवर, मान खाली, नजर दांड्यावर. प्रेक्षकांना त्याच्या डोक्याचा भांगच जास्त दिसतो. अमेरिकेत पुढे पेडल स्टील आली. तिला चार पाय, खाली पायाने दाबायचे पेडल, गुडघ्याने ढकलायच्या कळा, पोटाखाली सळयांचं जाळं. आपल्या आईच्या शिलाई मशीनची थेट मावसबहीण. 1954 मध्ये गाजलेल्या वेब पियर्सच्या 'स्लोली' या गाण्यात बड आयझॅक्सने वाजता वाजताच पेडल दाबून सूर वाकवला. एक तार स्थिर, दुसरी तिच्याकडे सरकत जाते. ते ऐकून तिकडच्या कितीतरी वादकांनी आपापल्या गिटारींना पेडल जोडायला घेतले.

जेरी बर्ड मात्र पेडलच्या वाटेला सहसा गेला नाही. दांडा तिरपा धरूनच तो ते काम करायचा. मला तो आवडतो त्याचं कारण मात्र वेगळं आहे. ओहायोत जन्मलेल्या या माणसाने नॅशव्हिलमध्ये नाव कमावलं आणि 1972 साली तो हवाईला राहायला गेला. तेव्हा हवाईतच हे वाद्य मागे पडत चाललं होतं. ज्या बेटांनी जगाला स्टील गिटार दिली तिथली तरुण मुलं ती शिकेनाशी झाली होती. बर्डने तिथे शिष्य तयार केले, त्यातले काही पुढे स्वतः गुरू झाले. 2005 मध्ये तो गेला. बाहेरून आलेल्या माणसाने घरच्यांना त्यांचीच वस्तू परत शिकवली, यापेक्षा मोठं शिक्षकपण काय असतं?

डेव्हिड लिंडली हा दुसरा. जॅक्सन ब्राऊनच्या 1977 च्या 'रनिंग ऑन एम्प्टी' या गाण्यातली स्टील गिटार त्याची. स्वस्त, टाकाऊ समजल्या गेलेल्या गिटारी तो हौसेने जमवायचा, भडक पॉलिएस्टरचे शर्ट घालायचा, आणि वाजवायला लागला की लोक शर्ट विसरायचे. तो 2023 साली वारला.

तिसरं उदाहरण एका माणसाचं नाही, एका चर्चचं आहे. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या 'हाउस ऑफ गॉड' या चर्चमध्ये 1930 च्या दशकाच्या अखेरीपासून ऑर्गनच्या जागी स्टील गिटार वाजू लागली. विली ईसन हा त्यातला सुरुवातीचा वादक. प्रार्थनेत गाणाऱ्या बाईचा हुंदका, तिची हाक गिटारीतून काढायची, हा तिथला बाज. बाहेरच्या जगाला याची खबर 1990 च्या दशकात ध्वनिमुद्रिका निघेपर्यंत जवळपास नव्हती. तोवर दोन-तीन पिढ्या रविवारच्या रविवार वाजवत राहिल्या. कुणी फोटो काढत नव्हतं, म्हणून त्यांचं काही अडलं नाही.

आपल्या मातीत

हे सगळं परदेशातलं झालं. पण ही गिटार आपल्याकडे परकी राहिली नाही, आणि त्याचं कारण सरळ आहे. आपल्या संगीताचा जीव मींडेत आहे. एका सुरावरून दुसऱ्या सुरावर न तुटता, मधल्या श्रुतींना स्पर्श करत जायचं. पेटीला ते जमत नाही, कारण तिचे सूर पायऱ्यांसारखे सुटे असतात. दांड्याने वाजणाऱ्या तारेला मात्र मींड जन्मतःच येते. तारेवर काहीतरी सरकवून वाजवणं आपल्याला नवीनही नव्हतं. उत्तरेत विचित्र वीणा आहे, दक्षिणेत गोट्टुवाद्यम आहे.

1940 च्या दशकात ताऊ मो हा हवाईयन वादक आपल्या कुटुंबासह कोलकात्यात येऊन राहिला. कोलकात्यात हवाईयन गिटारीचं वेड आधीपासूनच होतं, ते आणखी वाढलं. बंगालमध्ये सुनील गांगुली, बटुक नंदी यांनी सिनेमातली गाणी आणि रवींद्रसंगीत या गिटारीवर घराघरात नेलं. आपल्या मुंबईत व्हॅन शिप्ले आणि हजारा सिंग यांनी चित्रपटसंगीतात ती वाजवली, त्यांच्या धुनांच्या तबकड्या निघाल्या. ज्यांचं बालपण रेडिओजवळ गेलं त्यांना आठवत असेल, दोन कार्यक्रमांच्या मधली फट भरायला एखाद्या गाण्याची नुसती धून लावायचे. निवेदक नाव सांगायच्या आधीच बातम्यांची वेळ व्हायची. शब्द नसूनही गाणं ओळखू यायचं, आणि वाजवणारा कोण ते कळायचंच नाही.

मग ब्रिजभूषण काब्रा. जोधपूरचे, उस्ताद अली अकबर खाँ यांचे शिष्य. त्यांनी विलायती बनावटीची मोठ्या पोटाची गिटार मांडीवर आडवी घेतली, तारा उचलल्या, चिकारी जोडली आणि त्यावर राग मांडले. 1967 साली निघालेली 'कॉल ऑफ द व्हॅली' ही ध्वनिमुद्रिका अनेक मराठी घरांत अजूनही असेल. संतूर शिवकुमार शर्मा, बासरी हरिप्रसाद चौरसिया, गिटार काब्रा आणि तबल्यावर माणिकराव पोपटकर. ती घडवून आणली एचएमव्हीतल्या जी. एन. जोशींनी, म्हणजे मराठी भावगीताच्या पहिल्या पिढीतल्या गायकाने. त्या काळी संतूर काय आणि गिटार काय, दोन्ही शास्त्रीय मैफलीच्या उंबऱ्याबाहेरचीच वाद्यं. जोशींनी वाद्याचं कुळ विचारलं नाही, एवढं त्या तबकडीवरून नक्की म्हणता येतं.

पुढे पंडित विश्वमोहन भट्ट यांनी गिटारीत तरफेच्या तारा घातल्या, मानेखाली भोपळा लावला आणि तिला मोहनवीणा म्हटलं. ना धड गिटार, ना धड वीणा, असं तिचं रूप. त्या मोहनवीणेने राय कूडरबरोबर 1993 मध्ये 'अ मीटिंग बाय द रिव्हर' केलं आणि 1994 चं ग्रॅमी घेतलं. काब्रांचे शिष्य देवाशिष भट्टाचार्य यांनीही स्वतःची वाद्यं अशीच घडवली. कुणीही आधी आरशात बघून वाद्य बनवलं नाही. गळा जे करतो ते तारेतून यायला काय लागेल, एवढाच प्रश्न होता.

एक शंका

इथे कुणी म्हणेल, सर, सुंदर दिसणं हा काय गुन्हा आहे? मिरजेचा तंबोरा बघा. रूपही आहे आणि सूरही आहे.

अगदी बरोबर. मिरजेच्या सतारींना आणि तंबोऱ्यांना 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आणि त्याचा आपल्याला अभिमान आहे. पण गवई तंबोरा घ्यायला जातो तेव्हा काय करतो? खुर्चीत बसून नक्षीचं कौतुक नाही करत. तो तंबोरा उभा धरतो, डोळे मिटतो आणि जवारी ऐकतो. जवारी लागली नसेल तर हस्तिदंती दिसणारी वेलबुट्टी असली तरी तो वाद्य खाली ठेवतो. भोपळ्याचं गोल पोटही आधी नादासाठी आहे, मग ते डोळ्यांना सुखावतं. म्हणजे सुंदर तंबोरा आणि कुरूप स्टील गिटार यांच्यात भांडण नाही. दोघांची परीक्षा एकाच ठिकाणी होते.

आणि दुसरी बाजूही सांगतो. कुरूप असणं हाही काही गुण नाही. तव्यासारखी गिटार चालली ती ओबडधोबड होती म्हणून नाही चालली. तिचं चुंबक, वेटोळं, तारांची घोडी, तारांची उंची, दांड्याची गुळगुळीत पाठ, यात कसूर नव्हती. जिथे सूर ठरतो तिथे काटेकोर, जिथे ठरत नाही तिथे साधी. साधेपणा आणि गबाळेपणा यातला हा फरक मुलांना नीट कळायला हवा. नाही तर उद्या एखादा म्हणेल, "बाई, माझं अक्षर स्टील गिटारसारखं आहे!" अक्षर वाचता आलं पाहिजे, कारण वाचणं हेच त्याचं काम. समासात फुलं काढली नाहीत तरी चालतील.

वाकड्या उसाचा दाखला देणारा चोखोबांचा अभंग आपण सगळ्यांनी शाळेत पाठ केला आहे. मराठी माणसाला ही शिकवण काही हवाई बेटांवरून आणायची गरज नाही. अडचण अशी की आपण तो अभंग मराठीच्या तासाला शिकवतो आणि पुढच्या तासाला प्रकल्पवह्या तपासताना विसरतो.

आता शाळेत या

आकारिक मूल्यमापनात प्रकल्प, उपक्रम, प्रात्यक्षिक, तोंडी काम ही साधनं आली ती मुलांची समज वेगवेगळ्या वाटांनी कळावी म्हणून. प्रत्यक्षात काय होतं ते आपल्याला माहीत आहे. एक वही येते चमकीच्या कव्हरात, आत इंटरनेटवरून छापलेली रंगीत चित्रं, कडेला लेस. दुसरी येते जुन्या वहीच्या उरलेल्या पानांची, दाभणाने शिवलेली. आत शेजारच्या विहिरीची पाण्याची पातळी दर रविवारी दोरी सोडून मोजलेली, आकडे पेन्सिलने. पंचेचाळीस वह्या, एक दुपार, आणि शेरा द्यायचाय. हात कुठल्या वहीकडे आधी जातो? तयार प्रकल्प स्टेशनरीच्या दुकानात विकत मिळतात, थर्मोकोलची घरं आई-बाबा रात्री जागून बनवतात, हे काय आपल्याला कळत नाही? कळतं. तरी प्रदर्शनात पुढच्या टेबलावर तेच लागतं, कारण पाहुणे येणार असतात.

याचा फटका कुणाला बसतो ते स्पष्ट बोलायला हवं. ज्याच्या घरी चमकी कागदाला पैसे नाहीत त्याला बसतो. ज्याच्या आईला रात्री दुसरी कामं असतात त्याला बसतो. तो मुलगा पुढच्या वर्षी विहीर मोजत नाही. तो शिकतो की मोजण्याला गुण नसतात.

आणि हे वह्यांवर थांबत नाही. स्नेहसंमेलनात पाहुण्यांच्या स्वागताला, औक्षणाचं तबक घेऊन पुढे कोणत्या मुली उभ्या राहतात? समूहगीतात गळा चांगला असलेली मुलगी दुसऱ्या रांगेत आणि 'दिसायला बरी' ती माइकसमोर, असं कधीच होत नाही असं कुणी छातीठोकपणे म्हणू शकेल का? मुलं हे बोलत नाहीत, पण त्यांना ते बरोबर कळतं, आणि पुष्कळ वर्षं लक्षात राहतं. बेकेलाइटच्या गिटारीला तिच्या रंगावरून कुणी मागच्या रांगेत बसवलं असतं तर नुकसान गिटारीचं कमी, ऐकणाऱ्यांचं जास्त झालं असतं.

म्हणून माझ्या सूचना अशा आहेत. यात खर्च काही नाही.

पहिली : वर्गात स्टील गिटारची एखादी धून आधी फक्त ऐकवा. फळ्यावर नाव लिहू नका, चित्र दाखवू नका. मुलांना डोळे मिटून ऐकू द्या आणि हे वाद्य कसं दिसत असेल त्याचं चित्र काढायला सांगा. मग तव्यासारख्या गिटारीचा फोटो दाखवा. हसतील, हसू द्या. नंतर विचारा, "तुम्ही काढलेल्या चित्रातला कुठला भाग सूर काढायला लागतो आणि कुठला नाही?" विज्ञान आणि कला दोन्ही विषयांचा तास एकदम होईल.

दुसरी : प्रकल्पाचे गुण ठरवताना सजावटीला वेगळे गुण ठेवू नका. मुलाने स्वतः काय पाहिलं, काय मोजलं, कुणाला विचारलं, आणि तोंडी प्रश्नाला काय उत्तर दिलं, याचेच गुण. हे मुलांना आणि पालकांना कामाच्या आधीच सांगा. नंतर सांगितलं तर तो अन्याय होईल.

तिसरी : जमेल तेव्हा वह्या कव्हर उघडूनच तपासायला घ्या, म्हणजे तपासणाऱ्याच्या समोर थेट आतलं पान येईल. संमेलनाची गायकनिवडही पडद्याआडून करून बघा. गवई तंबोरा निवडताना डोळे मिटतो, ती युक्ती आपल्यालाही परवडते.

चौथी : गावात कुणाच्या माळ्यावर जुनी हवाईयन गिटार पडलेली असेल, असतेच, तर ती भंगारात जाऊ देऊ नका. प्लायवूडची, रंग उडालेली, खुंट्या गंजलेली असेल. तारा नव्या घालता येतात. वाजवणारे आजोबा असतील तर त्यांना एक दिवस शाळेत बोलवा. खुर्चीवर बसून, मान खाली घालून ते वाजवतील. मुलांना पहिली पाच मिनिटं कंटाळा येईल, मग ओळखीचं गाणं येईल आणि मागच्या बाकावरून कुणीतरी गुणगुणायला लागेल. त्या आजोबांचं नाव मात्र आधी फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा. रेडिओवर ते राहून जायचं.